नळीला दिलेलं पाणी

दादा, तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि तुम्ही गेलात तेव्हा मलाही येत नव्हतं. त्यामुळं आपल्या बापलेकीत कागदाचा संबंध कधी आलाच नाही. मी शिकले ती पन्नाशीत, नातू पहिलीला गेला तेव्हा, त्याच्या शेजारी बसून त्याच्याच पाटीवर. तो मला हसायचा. माझं अक्षर अजूनही जाड आणि एका अंगाला कललेलं आहे, घण मारून मारून बोटं पेन्सिल धरण्याच्या कामाची राहिली नव्हती. पण लिहिता येतं. आज दुपारी असं काही झालं की लिहिल्यावाचून मला जेवण गेलं नाही, म्हणून सुनेकडून वही मागून घेतली. वाण्याची यादी करायचीय असं तिला सांगितलं.

नातवाचं माजलगावात गॅरेज आहे. तुमच्या वेळी इथं बाजार होता, आता पलीकडं धरणाचं काम चालू आहे, आणि रस्त्याला दिवसभर उसाच्या गाड्या. तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, ट्रॉल्या जोडतो. तीस वर्षांचा बाप्या झालाय, दोन लेकरांचा बाप आहे, पण हात काळे केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. तुमची ऐरण त्याच्या दारातच आहे, त्याच बाभळीच्या ओंडक्यावर. ओंडका खालून किडलाय, तरी तो बदलू देत नाही. धरणावरच्या एका साहेबानं गेल्या आठवड्यात त्याच्याकडं एक जुनी फटफटी आणून टाकली. कुणाच्या तरी गोठ्यात कडब्याखाली सापडली म्हणे. साहेबाला ती चालू करून हवी आहे. कशाला हवी आहे ते साहेबालाच ठाऊक, त्याच्याकडं जीप आहे.

आज दुपारी मी नातवाला भाकरी द्यायला गेले, तर त्यानं फटफटीचा पुढचा भाग खोलून पोत्यावर मांडला होता. तो त्याला फोर्क म्हणतो. तुम्ही चिमटा म्हणायचात, कारण तुम्हाला तो आपल्या सांडशीसारखा चाकाला धरून बसलेला दिसला होता. आताच्या गाड्यांच्या पायात तेल असतं, याच्यात तसलं काही नाही. दोन बाजूंना नळ्यांचे दोन पाय, मध्ये एक जाडजूड स्प्रिंग, आणि सगळं गाडीच्या मानेशी जोडून ठेवणाऱ्या चार आडव्या पिना. मी उभ्याउभ्या सगळं ओळखलं. डोळ्यांआधी हातांनी ओळखलं म्हणा. एका नळीला तडा होता. त्यानं गॅसनं तो जोडला, नळी लालभडक झाली, आणि साहेब संध्याकाळी येणार म्हणून घाईनं त्यानं बादली उचलली.

मी ओरडले, "पाणी नको घालू बे."

दादा, मी नातवाला कधी बे म्हटलेलं नाही. तो बादली धरून तसाच उभा राहिला. "कावून?" म्हणाला. "लई गरम हाय ती, आपोआप निवायला तास जाईल."

"जाऊ दे तास. राखंत ठेव अन् हात लावू नको."

हे तुमचं वाक्य होतं. तुमच्या तोंडून ते निघालं तेव्हा आपण सिरसाळ्याला होतो, आणि मी त्याच्यासारखीच लाल नळीसमोर उभी होते.

तुम्हाला सगळं आठवत असेल, तरी मला ते क्रमानं लिहू द्या. मी ते कधी कुणाला क्रमानं सांगितलेलं नाही. मी बाविशीची होते. नवरा तापानं गेला, सासरच्यांनी मला माझ्या गाठोड्यासकट तुमच्या दारात सोडलं, आणि तुम्ही माझ्या हातात घण दिलात. आई नव्हती. घण मारायला बाई लागतेच लोहाराला. तुम्ही डाव्या हातात सांडशीनं लोखंड धरायचात, उजव्या हातातल्या लहान हातोड्यानं जिथं टिचकी माराल तिथं माझा घण पडायचा. ऐरणीवर रिकामी टिचकी मारलीत की थांबायचं. दिवसदिवस आपण बोलत नव्हतो आणि त्याची गरजही पडत नव्हती. त्या कामात मी सुखी होते, हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. विधवेनं सुखी असल्याचं कुणाला सांगू नये अशी तेव्हाची रीत होती.

फक्त पाणी माझ्याकडं नव्हतं. फाळ ठोकून झाला, विळा ठोकून झाला, की तो लाल असताना दगडी डोणीत बुडवायचा, तेव्हा त्याला धार टिकण्याइतका कडकपणा येतो. ते पाणी देणं तुमचं. घण मारणारीनं पाणी द्यायचं नाही, हा आपल्या घरचा नियम, तुमच्या बापाचा आणि त्याच्या बापाचाही. लोखंड किती लाल असताना बुडवायचं, किती वेळ, कुठल्या टोकाकडून, हे तुम्ही पाठ माझ्याकडं करून ठरवायचात. मी मात्र तुमच्या खांद्यावरून बघून शिकत होते. तुम्ही बाजाराला गेलात की मी भंगारातले विळे तापवून चोरून पाणी द्यायचे. एक दिवस तुम्ही लवकर परत आलात आणि डोणीत वाफ बघितलीत. विळा उचललात, नखानं वाजवलात. तो चांगला झाला होता, तुमच्या चेहऱ्यावर ते मला दिसलं. पण तुम्ही म्हणालात, "घण हातात हाय म्हणून लोखंड तुजं झालं न्हाई. परत डोणीला हात लावू नको." विळा तुम्ही भंगारात फेकलात. चांगला विळा होता, दादा. मी तो काढून ठेवला आणि वर्षभर त्यानंच गवत कापलं. त्या विळ्याचा ताठा माझ्या डोक्यात गेला होता. पुढचं सगळं त्यातून झालं.

मग ते डॉक्टर आले. तालुक्याच्या दवाखान्याचे, हैदराबादकडचे, माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनीच मोठे असतील. पटकीची साथ होती, आणि सरकारनं त्यांना फटफटी दिली होती की त्यांनी ती स्वतःची आणली होती, ते मला कधी कळलं नाही. आपल्या भागात तेव्हा तेवढी एकच. ती आली की बैलं दावं तोडायची. सिरसाळ्याच्या अलीकडं एका रेड्याला वाचवताना ती चाकोरीत शिरली आणि पुढचा चिमटा वाकला. बैलगाडीत घालून लोकांनी ती आपल्या भात्यापुढं आणली. डॉक्टरांनी चित्रांचं एक पुस्तक काढलं, तुमच्यापुढं धरलं आणि जे लिहिलं होतं ते सरळ सांगितलं. "चाचा, इसमें लिखा है नली बदलना. नई नली बंबई से आती, दो महिने लगते. मेरे कू परसों निकलना है, युसूफ वडगाव के उधर लोगां मर रहे हैं." तुम्ही पुस्तकातलं चित्र खूप वेळ बघितलंत. मग म्हणालात, "करतो. पन घाई करू नका."

एवढा काळ लोटला तरी ते दोन दिवस मला आत्ता चालल्यासारखे दिसतात. तुम्ही चाक काढताय. स्प्रिंग दाबून धरायला मला सांगताय, ती सुटून तोंडावर येईल म्हणून तिला सुंभानं बांधताय. चारी पिना निघतात, तुम्ही त्या ज्या जागेच्या त्या क्रमानं भाकरीच्या परातीत ठेवता, आणि मला म्हणता, परात हलवशील तर बघ. मानेतून छर्ऱ्यांसारख्या पोलादी गोळ्या घरंगळतात. मी राखेतून एकेक वेचून काढते, घासलेटात धुते, आणि त्या इतक्या गुळगुळीत असतात की माझं मन त्या सोडायला तयार होत नाही. डॉक्टर पोत्यावर बसून बघतायत. एकदा ते तुम्हाला म्हणाले, "चाचा, बहन का हाथ पक्का है." तुम्ही काम चालू ठेवलंत. मी मात्र ते ऐकून दोन दिवस त्या वाक्यावर जगले.

एकच नळी वाकली होती. तुम्ही ती वाळूनं ठासून भरलीत, वाण नदीच्या पात्रातली वाळू तव्यावर कोरडी करून, म्हणजे नळी सरळ करताना चपटी होणार नाही. दोन्ही तोंडांना लाकडी बुच मारलंत. नळी जिथं पितळेनं जोडलेली होती तिथं ओली फडकी गुंडाळलीत, पितळ वितळू नये म्हणून. मग मधोमध तापवून लाकडी ओंडक्यावर हळूहळू सरळ केलीत. त्या दिवशी घण नव्हताच, नुसतं वजन द्यायचं होतं. तुम्ही डोळा बारीक करून नळीच्या अंगावरून नजर फिरवलीत, सरळ आली असं ठरवलंत, आणि शेवटचा वाक काढताना पुन्हा लाल झालेली ती नळी राखेच्या ढिगाशी धरलीत. तेवढ्यात चावडीवरून बोलावणं आलं. डॉक्टरांना तिथं पाटलानं थांबवून घेतलं होतं आणि त्यांना नळी सरळ झाल्याचं तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुम्ही सांडशी माझ्या हातात दिलीत. "राखंत ठेव अन् हात लावू नको. आपोआप निवू दे." एवढं म्हणून तुम्ही गेलात.

मी घाईत होते असं मी माझ्या मनाला कित्येक वर्षं सांगत आले. ते खोटं आहे. मला कसलीच घाई नव्हती. मी विचार केला, आणि तो विचार मला आजही शब्दनशब्द आठवतो. फाळाला पाणी, विळ्याला पाणी, कुऱ्हाडीला पाणी. पाणी न दिलेलं लोखंड मऊ, बोटानं वाकेल असं. त्या गाडीवर डॉक्टर बसणार, खडकातून जाणार, आणि ही नळी एकदा वाकलेली. म्हातारा विसरला. नाहीतर नळी त्याच्या ओळखीची नाही म्हणून घाबरला. ओली फडकी तर त्यानंच गुंडाळलीत, म्हणजे पाण्याचं वावडं नाही. आणि मला पाणी देता येतं, तो विळा साक्षीला आहे. हे सगळं चारपाच श्वासांत झालं. मी नळी डोणीत घातली. आवाज बरोबर आला, वाफ बरोबर आली, रंगही मला हवा तसाच उतरला. मला लई आनंद झाला, दादा. मग मी ती राखेत ठेवली, फडक्यांवर राख टाकली, आणि तुम्ही आलात तेव्हा दळायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी आपण सगळं परत जोडलं. बुच काढून वाळू ओतून टाकलीत, नळी राखेनं घासलीत, जागेवर बसवलीत, मानेतल्या वाटीत चरबी भरून गोळ्या एकेक करून चिकटवल्यात, पिना सारल्यात, स्प्रिंगचं सुंभ सोडलंत. चाक दोन्ही पायांच्या मधोमध सरळ आलं. डॉक्टरांनी बसून दोनदा पुढं वजन टाकलं, चिमटा खाली गेला आणि वर आला, आणि ते लहान पोरासारखे हसले. मी दारात उभी होते. ती नळी माझ्यामुळं धड राहणार आहे असं मला वाटत होतं.

ते त्याच दिवशी गेले. केजच्या वाटेवर एका ओढ्याच्या उतारावर नळी मोडली. वाकली नाही, मोडली. ते पुढं फेकले गेले आणि खडकावर मान आपटली. औषधांची पेटी ओढ्यात फुटून पडली होती. पलीकडच्या वस्तीत लोक त्यांची वाट बघत बसले होते. त्यातले किती गेले ते मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही, आणि पुढं आयुष्यभर त्या बाजूच्या पाहुण्यांकडं जायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस ठाण्याचा अमीन आला, दोन जवान घेऊन. त्यानं नळीचे दोन तुकडे आपल्या ऐरणीवर टाकले. "क्या किया तूने?"  तुम्ही एक तुकडा उचलून तुटलेलं तोंड उजेडाकडं फिरवलंत. मीही बघितलं. आतला दाणा पांढरा होता, मिठाच्या खड्यासारखा. मऊ लोखंड तुटतं तेव्हा आधी ताणतं, राखी दिसतं. पांढरा दाणा म्हणजे पाणी. आपल्यापैकी कुणालाही ते सांगावं लागत नाही. तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. ज्या डोळ्यानं नळी सरळ आहे का ते बघितलं होतं, त्याच डोळ्यानं. बघणं झाल्यावर तुम्ही अमीनाला म्हणालात, "माज्या हातानं चूक झाली. मी पानी दिलं. द्यायचं नव्हतं."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. मी पदर पुढं ओढून घेतला. अमीनानं माझ्याकडं बघितलंही नाही. बाई घण मारते, तिला काय विचारायचं.

ठाण्यात तुमच्या उजव्या हाताचं काय केलं ते तुम्ही सांगितलं नाहीत. परत आलात तेव्हा तीन बोटं वळत नव्हती. हातोडा धरता येईना, भाकरी मोडता येईना. मी तुकडे करून देत होते आणि तुम्ही माझ्याकडं न बघता खात होता. गावानं काम देणं बंद केलं. ज्यानं डॉक्टर मारला त्याच्याकडून फाळ कोण शेवटून, धार काढून घेणार? लेकरं भात्यावरून जाताना थुंकायची. मग आपण ऐरण गाडीत घातली आणि माजलगावला आलो. इथं आपल्याला कुणी ओळखत नव्हतं, निदान पहिले काही महिने.

आणि इथं आल्यावर तुम्ही जे केलंत, त्यासाठी मी तुम्हाला आजपर्यंत माफ करू शकलेले नाही. तुम्ही ओट्यावर बसलात, मला भात्याशी उभं केलंत, आणि पाणी द्यायला शिकवलंत. रोज. "अजून न्हाई. अजून न्हाई. आता दे." घासलेला फाळ पुन्हा तापताना आधी वाळल्या गवतासारखा पिवळा होतो, मग तपकिरी, मग निळा, हे तुम्ही दाखवलंत. कशाला द्यायचं, कशाला द्यायचं नाही. ज्यानं कापायचं त्याला द्यायचं, ज्यानं हिसके सोसायचे त्याला नाही. एवढंच होतं ते. तेवढं तुम्ही मला आधी सांगितलं असतं तर ते डॉक्टर म्हातारे झाले असते. मला तेव्हा तुमचा राग आला, आणि त्या रागानं मला फार बरं वाटलं, कारण थोडा दोष तुमच्याकडं सरकला. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. एकदा शिव्या दिल्या असत्यात, सांडशी फेकून मारली असतीत, तर मी पाया पडून मोकळी झाले असते. तुम्ही नुसतं शिकवत राहिलात. त्या थंडीतच तुम्ही गेलात, आणि तुमच्या पालथ्या पडलेल्या त्या हातात मी तुळशीचं पान सरळ ठेवू शकले नाही, बोटं आड येत होती.

तुमच्या माघारी माझा पाट लागला, एका लोहाराशीच. तो चांगला माणूस होता. त्याच्या कानावर सिरसाळ्याची गोष्ट आली होती. त्यानं विचारलं, तेव्हा मी म्हणाले, बापाचे डोळे गेले होते, नळीला पाणी दिलं म्हाताऱ्यानं. पुढं मुलानं विचारलं, त्यालाही तेच. सांगता सांगता ती गोष्ट इतकी गुळगुळीत झाली की ती सांगताना मला अडखळायलाही होईना.

आज नातवानं बादली खाली ठेवली. नळी राखेत ठेवली, माझ्या हातची भाकरी घेतली आणि ऐरणीला टेकून खायला बसला.  मग म्हणाला, "आज्जे, तुज्या बापानं डॉक्टरची फटफटी जोडलती, ती अशीच होती का गं? त्यानं अशाच नळीला पानी दिलं म्हनत्यात. खरं हाय का?"

तिथं आम्ही दोघंच होतो. अमीन नव्हता, गाव नव्हतं. ते डॉक्टर जाऊन पन्नास वर्षं होत आली. माझं कुणी काही करणार नव्हतं. नातू फार तर घास तोंडात धरून माझ्याकडं बघत राहिला असता. मी त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हो. डोळे गेलते त्याचे."

"लई वाईट झालं," तो म्हणाला, आणि उठून नळी निवली का ते बघायला गेला. हात लावायच्या आधी त्यानं मला विचारलं. मी अजून थांब म्हणाले.

म्हणून हे लिहिलं, दादा. तुम्ही अमीनापुढं एकदा माझ्यासाठी खोटं बोललात. मी ते आज दुपारीही बोलले. लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की हा कागद ऐरणीखाली, ओंडक्याच्या फटीत ठेवायचा. तिथं नातवाचा हात रोज जातो, पाने-पकडी ठेवायला. मघाशी तिथवर गेले होते. ओणवी झाले, फट चाचपून बघितली, कागद मावला असता. मग तो पदरात घेऊन परत आले. आता सून चूल पेटवतेय, आणि मी तिला म्हणाले आहे की उठ, आज मी पेटवते.